नंदूच्या ओवीचा चोर

॥ श्री ॥

कॉव्हेंट्री
८ जुलै २०२५

चि. सौ. शशीवन्सं यांस सुचेताचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. आतून निघालं ते असं: उपासाची भाजणी एक किलो, आमसुलं पाव किलो, गोडा मसाला एक बरणी (झाकण सैल होतं, दोन चमचे सांडला, तो चाळून परत भरला), तुळशीचं बी एक पुडी आणि वेदसाठी पायमोजे दोन जोड. खोक्यावर तू पोस्टाचे आठ पौंड घातलेस. आठ पौंडांत तू स्वतः कोचच्या बसनं येऊन गेली असतीस, वर चहा माझ्याकडचा. एकादशी परवाच झाली, तेव्हा भाजणी आता पुढच्या एकादशीला.

खरी गोष्ट पुढे आहे. फोनवर बोलत नाही, कारण रश्मी घरूनच ऑफिसचं काम करते आणि या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. सून चांगली आहे, पण कान तिलाही आहेत.

तो येतोय. रॉडी फेनविक. लायब्ररीच्या बाहेर त्याचं हे एवढं पोस्टर लागलंय, 'निरोपाचा दौरा', अकरा ऑक्टोबर, शनिवार. फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे. आता सत्त्याहत्तरचा झाला मेला.

चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे, हे तुला कधी लिहिलं नव्हतं. पेपरात काही आलं की कापून ठेवते. 'मंडे विंडो' हे गाणं चाललं, त्यानंतर तीन वर्षं तो मिरवला. मग त्याच्या गाण्याच्या प्लेटी चालेनात. मग नाताळच्या नाटकात राक्षस झाला. मग बोटीवर म्हाताऱ्यांना गाणी म्हणून दाखवायला लागला. एकदा गालिच्याच्या दुकानाची फीत कापायला इथे आला होता, तेव्हा पन्नास माणसंही नव्हती, मी मोजली. दोन बायका गेल्या, एक खुबा नवा बसवला. प्रत्येक कात्रणाला मी देवापुढे साखर ठेवली आहे. आणि आता कुठल्याशा बिस्किटांच्या जाहिरातीत तेच गाणं लागलं, तर पोरासोरांना तो पुन्हा आवडायला लागला. देवाचा हिशेब मला कधीकधी कळत नाही.

पण देवानेच दारही उघडलं. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तनिषा म्हणून एका मुलीचा मेसेज आला. ती त्याच्या मागे उभी राहून गाते. इथेच जन्मलेली, आईवडील मूळचे साताऱ्याचे. म्हणते, गाण्यातल्या त्या बाईच्या ओळी रॉडीला या वेळी स्वतः म्हणायच्या आहेत, शुद्ध. आणि गाणं लांबवायचंय, तर तशीच आणखी एक ओवी हवी आहे. कोणी मराठी शिकवील का?

मी हात वर केला आहे. काय करायचं ते अजून ठरलं नाही, पण काहीतरी करणार हे ठरलं आहे. तोपर्यंत साखर सोडली.

तुझं मत कळव. सेकंड क्लासचं तिकीट लावलंस तरी चालेल.

तुझी वहिनी


मँचेस्टर
१५ जुलै २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मग काढून परत वाचलं.

मला वाटलं होतं, आपण तो विषय संपवला. तू कात्रणं ठेवलीस हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे ती प्लेटसुद्धा नाही.

वहिनी, तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. लग्न होऊन मी इथे आले त्याला चार महिने झाले होते. सासूबाईंबरोबर बाजारात गेले होते, दुकानात रेडिओ चालू होता. इंग्लिश गाणं, आणि मधेच मी. 'खिडकीत वाळे अंगडं टोपडं, नीज रे नंदू, ऊन थोडं थोडं.' माझेच शब्द, माझाच आवाज, मागे तुझ्या मोरीतल्या बादलीचा आवाजसुद्धा. मी सासूबाईंचा हात धरला नि म्हटलं, आई, ही मीच. त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "नव्या सुनेनं असं खोटं बोलू नये."

ह्यांनी मग मित्राकडून ती प्लेट आणून पाठीमागचं वाचून दाखवलं. 'आवाज: अज्ञात भारतीय स्त्री.' तेव्हापासून दर दिवाळीला पाहुण्यांसमोर ह्यांचा ठरलेला विनोद असतो, "आमची मंडळी रॉडी फेनविकबरोबर गायलेली आहे बरं का." सगळे हसतात. मीही हसते. मी त्यानंतर गायले नाही. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवते.

मला त्याच्याकडून पैसे नकोत. मला एकदा कोणीतरी 'हो, ती तूच' म्हणायला हवं आहे. तू होतीस त्या घरात. तू, दादा आणि पाळण्यातला नंदू. दादा गेला, नंदूला काय आठवणार. उरलीस तू.

तेव्हा जे करशील त्याला माझी ना नाही.

तुझी
शशी


॥ श्री ॥

कॉव्हेंट्री
३० जुलै २०२५

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या सासूबाई आता देवाघरी आहेत म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

काल चोराला पाहून आले. चर्चच्या हॉलमध्ये त्यांची तालीम होती. जाताना बसचा पास होता, येताना तनिषाने गाडीतून सोडलं.

दोन्ही कानांत यंत्रं, पँटला इलॅस्टिक, घशासाठी मधाचं कोमट पाणी. उंच सूर आला की हा माईक लोकांकडे करतो. लोक गातात, हा मान डोलावतो. चाळीस वर्षांची कमाई ही. मला दया येईल की काय अशी भीती वाटत होती, पण आली नाही. मला पाहून उभा राहिला, "मॅडम" म्हणाला, खुर्ची पुढे केली. चोर गोडच बोलतात. मला त्याने ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्याने मला कधी पाहिलंच कुठे.

आणि शशी, तुला हे ऐकवत नाही, पण लिहिते. इतकी वर्षं लोक तुझी ओळ काय म्हणून गातात, ठाऊक आहे? तनिषाच म्हणाली, "आंटी, सगळे 'अंकल टेड, हॉप टु बेड' म्हणतात. पण खरी शब्द काय आहे?" शब्द 'खरी' नाही ग, 'खरा', म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी, माझी जेंडर नेहमी चुकतो." आपल्या नंदूच्या अंगड्या-टोपड्याचा यांनी अंकल टेड केला. मैदानांत हजारो माणसं हात वर करून अंकल टेडला झोपवतात. मी तिथेच बाकावर बसून रामरक्षा म्हटली, नाहीतर तोंडून काही गेलं असतं.

तालमीतच मला सुचलं. त्याला नवी ओवी हवी आहे ना, आपण देऊ. शिवी नाही, शिवी माझ्या लेखणीतून उतरायची नाही. त्याच्या तोंडी त्याचीच कबुली घालायची. मीच चोर, मीच गाणं नेलं, असं तो स्वतः म्हणेल, भरल्या हॉलमध्ये, आणि त्याला कळायचंही नाही. मंडळाची चाळीस-पन्नास माणसं तिकिटं काढून येणार आहेत. त्यांना तर कळेल. कोणीतरी फोनवर घेईल, मग इथल्या पेपरांनाही कळेल.

यात पाप आहे का, हे मी देवापुढे दोन दिवस बसून विचारलं. देव कबुलीच मागत असतो. मी फक्त शब्द पुरवते.

गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

तुझी वहिनी


मँचेस्टर
११ ऑगस्ट २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कल्पना चांगली आहे. ओवी झाली की मला आधी पाठव, शब्द माझेच असल्यासारखे वाटले पाहिजेत.

इथे सान्वीला सुट्टी आहे. दिवसभर नातीच्या फोनवर काहीबाही चालू असतं. परवा त्याचीच कुठलीशी मुलाखत लावून बसली होती, या दौऱ्यासाठी देत असतो ना तो. मी पोळ्या करत होते.

एक विचारू? सहज आठवलं. प्लेट निघायच्या आधी, मी आणि दादा मँचेस्टरला मुलगा बघायला गेलो होतो तेव्हा, किंवा आणखी कधी, तो आपल्या दाराशी आला होता का ग? काही विचारायला वगैरे? तो शेजारी त्याच्या मावशीकडेच तर राहत होता. नीट आठवून लिही.

तुझी
शशी


॥ श्री ॥

कॉव्हेंट्री
१ सप्टेंबर २०२५

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गणपती दीड दिवसाचा होता. यंदा मूर्ती शाडूची, नातवाने, वेदने केली, सोंड डावीकडे वळवता वळवता उजवीकडे गेली, तेव्हा सोवळं जास्त पाळलं.

दाराशी कोण येतंय? तो आला असता तर मी विचारलं नसतं का, बाबा, कोणाचं गाणं भरून घेतोस? मागच्या अंगणात मशीन ठेवून भिंतीपलीकडून घेतलं त्याने, चोरासारखं. देवाची शपथ उगीच घेऊ नये म्हणून घेत नाही, पण नाही. कोणी आलं नाही.

ही ओवी. चार रात्री नाही, चार दुपारी लागल्या:

परक्या गळ्याची ओवी चोरून नेतो,
नाव विचारता तोंड लपवितो.

चाल तुझीच. तनिषाला अर्थ सांगितला तो असा की, आई बाळाला म्हणते, ऊन खिडकीतून येतं आणि लपतं. तिला पटलं, ओवीतलं जुनं मराठी तिला कुठलं कळायला. रोमन लिपीत लिहून घेतलंय, तो कागद डोळ्यांपुढे धरून पाठ करतो म्हणे, नातवासारखा.

मी तिसऱ्या रांगेचं तिकीट काढलं, चौतीस पौंड. ह्यांच्या आजारपणानंतर स्वतःवर एवढा खर्च हा पहिलाच. तू येतेस ना?

तुझी वहिनी


मँचेस्टर
८ सप्टेंबर २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ओवी फार चांगली जमली आहे. 'नाव विचारता' हे तुला सुचलं याचं मला नवल वाटलं.

त्याला शेवटच्या अक्षरावर नीट थांबायला सांग. गोष्ट सगळी तिथेच आहे.

मी कॉव्हेंट्रीला येत नाही. गुडघा. तू ऐकून मला सगळं लिही, काहीही न गाळता.

शशी


॥ श्री ॥

कॉव्हेंट्री
१३ ऑक्टोबर २०२५

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

काहीही न गाळता लिही म्हणालीस, म्हणून लिहिते.

हॉल भरला होता. आमच्या रांगेत मंडळाची बारा जणं, माझ्या डाव्या हाताला मालविकाताई, त्या आपल्या मंडळाच्या अध्यक्ष, आणि मागे ब्रॅकनेलहून मुद्दाम आलेला यतीन, तो पुण्याचा कंप्युटरवाला, ज्याला गप्प बसवत नाही. रॉडीने दीड तास काढला. दोनदा खुर्चीवर बसला. शेवटी 'मंडे विंडो'. लोक उभे राहिले, हातांचं रान झालं. अंकल टेडची वेळ आली तर त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि एकटा म्हणाला, 'खिडकीत वाळे अंगडं टोपडं'. शशी, खोटं कशाला सांगू, ळ सुद्धा म्हणाला.

मग आपली ओवी. मी पदर घट्ट धरला. आणि तो म्हणतो:

परक्या गळ्याची ओवी चोरून नेते,
नाव विचारता तोंड लपविते.

नेते. लपविते. दोनदा म्हणाला, शेवटच्या अक्षरावर थांबून, आणि थेट आमच्या रांगेकडे पाहून. त्याला तिथून काय दिसत असणार, दिवे तोंडावर.

आधी यतीनच बोलला, "चोरून नेते? कुठले नेते? म्हणजे पुढारी का?" सगळी रांग हसली. मग मालविकाताई म्हणाल्या, "नाही हो, बाई बोलतेय. बाईची कबुली आहे ती. कोणीतरी बाई गाणं चोरते आणि नाव विचारलं की तोंड लपवते. कोण असेल हो सुचेताताई? तुम्हीच ना शिकवलंत?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

सगळं त्या पोरीनं घालवलं. ह्या इथल्या मुलांना लिंग म्हणून कळत नाही, तो आणि ते सगळं सारखंच. दोन मात्रांनी माझी चव्वेचाळीस वर्षं पाण्यात. चोर हा, आणि चोरीचा शिक्का कोणा बाईवर. घरी येऊन देवापुढे बसले तर जप आठवेना. सारखं तेच डोक्यात, नेते, लपविते.

मी तनिषाला खरमरीत चिठ्ठी लिहिणार आहे. तुझ्या इथे शनिवारी त्याचा कार्यक्रम आहे, तोवर सुधारता येईल. तुझं काय मत?

तुझी वहिनी


मँचेस्टर
१६ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तनिषाला चिठ्ठी लिहू नका. तिचं काही चुकलेलं नाही. त्या दोन मात्रा मी बदलल्या.

सान्वीच्या फोनवर मुलाखत चालली होती असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. त्यात त्याला विचारलं, ती बाई कोण होती? तो म्हणाला, "मला कधी कळलंच नाही. मी शेजारच्या घरी गेलो होतो. हातात कागद होता, नाव लिहून घ्यायला, सही घ्यायला. एका बाईनं दार उघडलं, कडेवर बाळ होतं. मी विचारलं, सोमवारी धुणं वाळत घालताना कोण गातं? ती म्हणाली, इट इज रेडिओ. मी म्हटलं, मॅडम, बाळ रडलं की रेडिओ थांबत नाही. तिनं दार लावलं. मी तीनदा गेलो." तीनदा, वहिनी. माझी पोळी तव्यावर जळली. सान्वी म्हणाली, आजी, धूर.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. त्याच्या शब्दावर तुम्हाला खोटं कसं ठरवू? म्हणून तुम्हालाच विचारलं. नीट आठवून लिही, असं लिहिलं. तुम्ही 'आधी राग आवर आणि ऐक' एवढं लिहिलं असतंत, तरी मी ही गोष्ट तिथे सोडली असती. तुम्ही लिहिलंत, कोणी आलं नाही. देवाची शपथ तेवढी जपलीत.

मग सान्वीनं तनिषाला मेसेज केला आणि मी त्या दोघांशी बोलले. तुमच्या ओवीचा खरा अर्थ त्यांना सांगितला. रॉडीनं ती ओवी मला सावकाश परत म्हणायला लावली. मग म्हणाला, एक अक्षर बदललं तर गाणं खरं होईल का? मी म्हटलं, दोन. त्या रात्री तो कोणाकडे पाहून म्हणाला हे त्याला नीट माहीत होतं. तिसरी रांग मीच त्याला सांगितली होती.

तुम्ही त्याचं पडणं कात्रणांत जपलंत. मी इथे रोज पडत होते, त्याचं कात्रण कोणी छापलं नाही. सासू मला खोटारडी समजून गेली. नवरा अजून विनोद करतो. आणि तुम्ही दर पत्रात त्या म्हाताऱ्याला चोर म्हणत मला आशीर्वाद पाठवत राहिलात.

शनिवारी मी त्याच्याबरोबर गाणार आहे, खुर्चीवर बसून. गुडघा खरंच दुखतो. ह्यांना पुढच्या रांगेचं तिकीट दिलं आहे. विनोद त्यांनी घरी ठेवून यायचा आहे.

आता माझं मागणं. गाणं नव्याने निघतं आहे, आणि आतल्या पानावर ही हकिगत छापणार आहेत. ती २७ तारखेला छापायला जाते. तुमचं नाव घालायचं की 'एक अज्ञात भारतीय स्त्री' म्हणायचं, ते तनिषानं मला विचारलं. मी म्हटलं, ते त्यांनी स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं. काय झालं आणि का झालं. पण तो कागद मला पाठवण्याआधी नंदूला वाचून दाखवायचा. त्याची ओवी होती. कागद नाही आला तर मी मला वाटेल ते लिहीन, आणि मला काय वाटेल ते तुम्हाला कळतंच आहे.

या पत्राला फर्स्ट क्लासचं तिकीट लावलं आहे, उशिराची सबब नको.

शशिकला


॥ श्री ॥

कॉव्हेंट्री
२१ ऑक्टोबर २०२५

चि. शशीस,

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाकीचं पत्र त्यामानाने सोपं होतं.

कागद सोबत आहे. त्यात आहे ते इथेही लिहिते, म्हणजे कागद भिजला-फाटला तरी अडणार नाही. आमच्या घरात सोमवारी रेडिओ वाजत नव्हता. त्या साली आमच्या घरात रेडिओ नव्हताच. गात होती माझी नणंद शशिकला, शब्द तिचे, चाल तिची. रॉडी फेनविक नाव विचारायला आला, तीनदा आला, आणि मी दार लावलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आहे. ते छाप. अज्ञात घालू नकोस.

का, तेही तू मागितलंस. पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं की तुझं लग्न जुळत होतं, मुलगी गोऱ्याच्या प्लेटीवर गाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील म्हणून. ह्यांनाही मी तेच सांगितलं असतं. तो कागद फाडला. कारण ते खोटं नाही, पण ते कारणही नाही.

तू आणि हे मँचेस्टरला गेला होतात. नंदूला ताप होता. मी दोन तास त्याला कडेवर घेऊन फिरत होते. तुझीच ओवी म्हणत होते, तुझ्याच चालीवर, कारण माझं दुसरं काही तो ऐकायचा नाही. तो रडत होता आणि दाराकडे बघत होता, तू येतेस का म्हणून. माझं पोर, माझ्या कडेवर. आणि तेवढ्यात दार वाजलं, नि हा माणूस टोपी हातात धरून मला विचारतो, ती सुंदर गाणारी कोण?

माझ्या तोंडून रेडिओ निघालं. मग पुढे दोनदा मी ठरवून म्हटलं. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. ती तुझ्या सुखासाठी ठेवली असं मी तेव्हाच्या वहीत लिहिलंय. नंतर प्लेट आली, आणि चोर शोधायला मला त्याच्यापेक्षा सोयीचं कोण मिळणार होतं. मी त्याला इतक्या वेळा चोर म्हटलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. तुझ्या पत्राला 'नाही' लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे तुला सांगितलं पाहिजे.

काल लक्ष्मीपूजन झाल्यावर नंदूला बसवलं आणि कागद वाचून दाखवला. त्याला अर्धं मराठी कळलं, उरलेलं रश्मीनं इंग्लिशमध्ये सांगितलं. भिंतीआडून तिला बरंच आधीच ठाऊक होतं म्हणे. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, कानामागे पेन अडकवलेलं. मला वाटलं, चिडेल. त्याने कागद माझ्या हातातून घेतला नि म्हणाला, "आई, मग त्या दिवशी मी झोपला का?"

नाही झोपलास, म्हटलं. आत्या आल्यावर झोपलास.

तो उठून गेला. त्याच्या फोनवर शनिवारचं तुझं गाणं होतं, कोणीतरी पाठवलेलं. वर त्याच्या खोलीत त्याने ते लावलं. मी खालून ऐकलं. जिना चढून वर गेले नाही.

मी क्षमा मागत नाही, कारण तू ती देणार नाहीस हे पत्रावरून कळलं, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही दिली नसती. मंडळात मालविकाताईंना मी स्वतः सांगणार आहे, ती बाई कोण ते. तुझ्या यजमानांना वेगळं पत्र लिहिलं आहे. ते त्यांना उभं राहून मोठ्याने वाचायला लाव.

मीही आज फर्स्ट क्लासचं तिकीट लावलं, एक पौंड सत्तर. कागद २७ तारखेच्या आत मिळायला हवा. बाकी काही लिहू नकोस. मिळाला, एवढंच उलट टपाली कळव.

सुचेता